दुसरं बटन

सरांनी उघड्या दारातून आत वाकून दुसरं बटन दाबलं. सीट हलली नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दारावरची तिन्ही बटनं जवळून पाहिली आणि पुन्हा दुसरंच दाबलं. या वेळी बोट उचललंच नाही. शोरूमच्या आवारात धुऊन-पुसून उभ्या केलेल्या त्या काळ्या गाडीत कसलीच घरघर झाली नाही.

“ही पुढे येत नाहीये,” ते म्हणाले.

मेकॅनिकनं मध्ये हात घातला. या गाड्यांच्या दारावर सीटचीच एक छोटी आकृती बसवलेली असते, बोटाएवढी. तिची पाठ ढकलली की खऱ्या सीटची पाठ हलते, बूड सरकवलं की सीट सरकते. मेकॅनिकनं ती आकृती पुढे ढकलली, तशी सीट गुमान पुढे आली. मागे ढकलली, तशी मागे गेली.

“मोटर ठणठणीत आहे. बटनात साठवलेली बैठक, ती मेमरी, उडालीय फक्त,” तो म्हणाला. “बॅटरी पार मेली होती ना, त्यात गेली असेल.”

हे चाललं असताना गाडीच्या नाकाशी, फाइल छातीशी धरून जर्मन उभा होता. मेमरी बॅटरीनं गेलेली नाही हे त्या आवारात एकट्या त्यालाच माहीत होतं, कारण ती त्यानं स्वतःच्या हातानं पुसली होती. काल दुपारी, चहाच्या आधी.

जर्मन हे काही त्याचं नाव नव्हे. तीस वर्षं एकाच जर्मन कंपनीच्या गाड्या हाताळल्यावर आणि तीसही वर्षं नऊला पाच कमी असताना हजर झाल्यावर शोरूमनं त्याला चिकटवलेलं ते बिरुद होतं. जर्मनी त्यानं नकाशात पाहिली होती. कंपनीच्या मूळ पुरुषाचं ‘उत्तम, नाहीतर काहीच नाही’ हे वाक्य शोरूमच्या भिंतीवर चौकटीत लावलेलं होतं आणि त्याची काच तो रोज सकाळी स्वतः पुसायचा. शोरूममधली पोरं पाठीमागे म्हणायची की जर्मन जेवणाचा डबासुद्धा आधी नुसता उघडून लावतो, झाकणाचा आवाज ऐकतो आणि मगच जेवायला बसतो.

नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती सोपवणं हे त्याचं काम. विकायला आलेल्या जुन्या गाड्या ‘कोऱ्या करणं’ हे मात्र त्यानं आपण होऊन अंगावर घेतलं होतं. सीटच्या फटीतल्या पिना, पेनांची टोपणं, कुणाच्या कानातला एखादा खडा. रेडिओवर लावून ठेवलेली स्टेशनं. फोनची नावं. सगळं काढून झालं की तो शेवटी स्वतः चाकामागे बसायचा, सीट बरोबर मध्यावर आणायचा आणि तिन्ही बटनांवर तीच बैठक कोंबून टाकायचा. “जुन्या मालकाची बैठक नव्या मालकाच्या पाठीला कळता कामा नये,” असं तो नव्या पोरांना सांगायचा. जर्मनांच्या कुठल्याही पुस्तकात असा नियम नव्हता. हा नियम त्याचा स्वतःचा होता आणि त्याचा त्याला अभिमान होता.

सरांच्या फाइलला पिवळी चिठ्ठी लावलेली होती: ‘मूळ मालक मयत. नावबदल.’ अशा चिठ्ठीची गाडी शोरूमला येते ती एकाच कारणासाठी, हा तीस वर्षांचा अनुभव. माणूस गेल्यावर दोन-चार महिन्यांनी मुलं येतात, फोनमध्ये बघत बघत सह्या करतात आणि किल्ली ठेवून जातात. ही गाडी नुसत्या बॅटरीसाठी आणि सर्व्हिसिंगसाठी आलीय हे दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. त्यातून वर्कशॉपमध्ये जागा नव्हती म्हणून कुणीतरी ती विकाऊ गाड्यांच्या रांगेत लावलेली. जर्मननं पान उलटलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना पान उलटायला सांगत आलेल्या माणसानं.

दुसऱ्या बटनावर काय आहे हे त्यानं काल दाबूनही पाहिलं होतं. सीट चाकाला भिडेपर्यंत पुढे आली, वर उचलली गेली आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या खाली अडकले. ठेंगणं होतं कुणीतरी, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं सीट मध्यावर नेली, जतन करायचं बटन दाबलं आणि मग दोनचं. तीन सेकंद लागले असतील नसतील.

“बॅटरी गेली की होतं असं कधी कधी,” जर्मन म्हणाला आणि आपल्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं. खोटं काही त्यानं शोधलं नव्हतं. मेकॅनिकनं ते आयतं पानात वाढलं होतं.

“मग माझंच चुकलं म्हणायचं,” सर म्हणाले.

“तुमचं कसं काय?”

“मला गाडी चालवता येत नाही हो. गाडी आमच्या हिची. सकाळी मला शाळेत सोडायची आणि तशीच पुढे दवाखान्यात जायची. मी आपला शेजारी बसणारा.” सरांनी बटनावरचं बोट अजून काढलं नव्हतं. “ती गेल्यापासून मी रोज संध्याकाळी खाली उतरतो. दुसरं बटन दाबतो. सीट सावकाश पुढे येते, वर होते, शेवटी पाठ ताठ करते. ती बसताना करायची अगदी तशी. मग मी शेजारी बसतो अर्धा तास. वर जाताना पहिलं बटन दाबतो, म्हणजे सीट मागे जाते. मागे गेली तरच दुसऱ्या दिवशी पुढे येणार ना.” ते ओशाळं हसले. “आठ महिने रोज. आणि इंजिन सुरू न करता. त्यानंच उतरली असणार बॅटरी. तिनं बजावलंच असतं, नुसतं काय दाबत बसता म्हणून.”

मेकॅनिक खाली बघू लागला. जर्मननं फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. आता काही बोलायची गरज नव्हती. सर बिचारे चूक आपल्या पदरात घालून मोकळे झाले होते. सही घेतली असती, किल्ली दिली असती, तर पाच मिनिटांत गाडी फाटकाबाहेर गेली असती.

“सर, बॅटरी नाही,” तो म्हणाला. “मी पुसली.”

मेकॅनिकनं मान वर केली. भरल्या पोटी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं त्यानं जर्मनकडे पाहिलं आणि त्याला आत काहीतरी तातडीचं काम आठवलं. जर्मननं सगळं सांगितलं. पिवळी चिठ्ठी, रांग, न उलटलेलं पान, मधलं बटन. सांगताना तो सरांच्या बुटांकडे बघत होता.

“कधी?” सरांनी विचारलं.

“काल. दुपारी तीनच्या सुमाराला.”

“म्हणजे काल दुपारपर्यंत होती,” सर म्हणाले.

ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. दाराचा तो आवाज झाला, जड आणि मऊ, उशीवर पुस्तक ठेवल्यासारखा. या आवाजावर जर्मननं निम्म्या गाड्या विकायला मदत केली होती. दार लावायच्या आधी तो गिऱ्हाइकाला गप्प करायचा आणि म्हणायचा, “ऐका.” आज तो नुसता उभा राहिला. त्याला मनापासून लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं.

थोड्या वेळानं तो चाकाच्या बाजूच्या उघड्या दाराशी खाली बसला.

“सर, परत बसवून देतो. तुम्ही सांगाल तशी.”

“मी काय सांगणार? मी त्या जागी कधी बसलोच नाही.” सर समोरच्या काचेतून भिंतीकडे बघत होते. मग त्यांचा हात सवयीनं खिशाकडे गेला आणि पेन्सिल घेऊन बाहेर आला. “बाजूनं सांगता येईल. बाजूनं अकरा वर्षं पाहिलीय.”

सर शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी पेन्सिल हात लांब करून धरली, एक डोळा मिटला आणि रिकाम्या जागेवर अंगठा सरकवला.

“कानाची पाळी खिडकीच्या खालच्या कडेपासून एक पेन्सिल वर. हनुवटी चाकाच्या वरच्या रेघेला. आणि कान आणि हा दोन दारांमधला खांब यांच्यात चार बोटं उजेड.” त्यांनी हात खाली घेतला. “पण कुणीतरी बसायला हवं. रिकाम्या सीटला कान कुठून आणू?”

रिसेप्शनवरच्या मुलीला बोलावलं. ती आनंदानं आली, बसली, मान ताठ केली. सरांनी पेन्सिल धरली. सीट खाली घेतली तर तिचे गुडघे वर आले आणि मागे घेतली तर खांबाचा उजेड बुजला. दहा मिनिटांनी सर म्हणाले, “नाही बेटा. तू फार उंच आहेस, आणि ते चांगलंच आहे.” मुलगी उतरली आणि आपलंच काही चुकल्यासारखी आत निघून गेली.

तेव्हा जर्मनला ती संध्याकाळ आठवली. हजार-बाराशे गाड्या हातून गेल्या, प्रत्येक कुठली आठवायला, पण ही आठवली. अकरा वर्षांपूर्वी याच जागी एक ठेंगणी डॉक्टरीणबाई चाकामागे बसली होती आणि तो असाच दाराशी खाली बसून सीट लावून देत होता. “बस म्हणा, तिथे थांबतो,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाईनं चांगलं तीनदा पुढे-मागे करायला लावलं होतं. तिची मान चाकाच्या वर येते का ते बघताना जर्मनच्या मनात आलं होतं, ही अगदी आपल्या हिच्याएवढी आहे. एक दिवस हिलाही आणून बसवू इथे, असंही आलं होतं. पुढच्या गिऱ्हाइकाच्या गडबडीत ते राहून गेलं आणि राहून गेलं ते गेलंच.

त्यानं घरी फोन लावला.

“जरा शोरूमला येतेस का?”

“आत्ता?” बायको म्हणाली. “का? काय झालं?”

“काही नाही. पाच मिनिटांचं काम आहे.”

“कसलं?”

“बसायचं.”

“गॅस बंद करते आणि येते,” ती म्हणाली.

ती आली तेव्हा काचेच्या मोठ्या दारासमोर थांबली. तीस वर्षांत ती इथे एकदाच आली होती, कामगारांच्या समारंभाला, तेही मागच्या फाटकानं. जर्मननं हात करून बोलावलं तेव्हा ती पिशवी सावरत आली आणि गाडीच्या दाराशी उभी राहून हळूच म्हणाली, “चप्पल काढू?”

“काढायची नाही. बस.”

जर्मननं तिला थोडक्यात सांगितलं. तिनं सरांकडे एकदा पाहिलं, “बरं,” म्हणाली आणि आत बसली. सीटच्या टोकावर, पिशवी मांडीवर घेऊन, पाठीमागे वीतभर जागा सोडून. चाक तिनं दोन्ही हातांनी धरलं ते तापल्या पातेल्याचे कान धरावेत तसं.

“टेका ना,” सर म्हणाले.

“तिची सवयच आहे ती,” जर्मन म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच जरा मोकळा झाला होता. “आमच्या गाडीतसुद्धा अशीच पुढे वाकून बसते. मी म्हणतो, अगं, तू काय बसल्या बसल्या गाडी ढकलतेस का?”

सर हसले. ती हसली नाही. तिनं पिशवी पायाशी ठेवली.

जर्मननं दारावरच्या आकृतीला बोट लावलं. “बस म्हणा, तिथे थांबतो.” सीट पुढे निघाली. सरांनी पेन्सिल धरली. ते बोटांनी खूण करत होते, जरा वर, अजून, एक केसभर खाली, आणि दुसऱ्या कुणाचा तरी वेळ घेतोय याचा संकोच वाटून मधूनमधून बोलत होते.

“तुम्हाला बर्थाबाईची गोष्ट पाठच असेल.”

“कोण बर्थाबाई?”

सरांनी मिटलेला डोळा उघडला आणि जर्मनकडे पाहिलं. “अहो, ज्यानं पहिली मोटार केली त्याची बायको. यांनीच सांगितली होती आम्हाला. आम्ही ही गाडी त्या गोष्टीपायी घेतली म्हटलं तरी चालेल.”

“मला नाही माहीत,” ती म्हणाली.

मग सरांनीच सांगितली. नवऱ्यानं मोटार केली, पण ती लांबवर न्यायचा त्याला धीर होईना. लोक हसत होते. बायकोचा हुंडा त्या मोटारीत गेलेला. एके दिवशी भल्या सकाळी बाई उठली, दोन मुलं बरोबर घेतली आणि नवऱ्याला न सांगता मोटार घेऊन माहेरी निघाली. शंभरावर किलोमीटर. पेट्रोलपंप कशाला म्हणतात हे जगाला माहीत नव्हतं, तेव्हा पेट्रोल औषधाच्या दुकानातून घेतलं. तेलाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तारेवरचं आवरण गेलं तिथे पायमोज्याचा पट्टा बांधला.

“ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून चामडं लावून घेतलं,” जर्मन मध्येच म्हणाला. गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून अर्धवट जाऊ देणं त्याला जमलं नाही. “आणि चढावर मुलांनी ढकलली. म्हणून मग नवऱ्यानं चढासाठी आणखी एक गिअर बसवला. संध्याकाळी पोचल्यावर तिनं त्याला तार केली.”

“आमची ही काय म्हणाली होती आठवतं?” सरांची पेन्सिल हवेत होती. “म्हणाली, न सांगता गेली हे ठीक; पण त्या मोटारीचा तेव्हाचा आवाज केवढा, दोन पोरं, एवढी गडबड, आणि नवरा झोपलेलाच? मग तो नवराच आहे, खात्री पटली.”

बायको हसली. हे हसू जर्मननं बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

“न सांगता गेली तेच बरं केलं,” ती म्हणाली. “सांगून काय होतं?” मग तिनं विचारलं, “परत आली?”

“आली की. काही दिवसांनी, तीच मोटार घेऊन.”

“हं.” तिनं जर्मनकडे वळून पाहिलं. “घरी कधी सांगितली नाहीत ही गोष्ट.”

“घरी कुठे गाडी विकायची होती?” जर्मन म्हणाला. ही कोटी त्याला बोलायच्या आधी बरी वाटली होती.

“मान समोर, बाई,” सर म्हणाले. “आता मागे टेका. पूर्ण.”

जर्मननं आकृतीची पाठ पुढे घेतली. सीटची पाठ येऊन तिच्या पाठीला लागली. ती एकदम सैल झाली नाही. आधी एक खांदा टेकला, मग दुसरा, मग मान. तिनं डोळे मिटले आणि एक लांब श्वास सोडला. जर्मननं तिला दमलेली पाहिली होती, आजारी पाहिली होती, आईच्या अंथरुणाशी बसल्या बसल्या पेंगताना पाहिली होती. गाडीत अशी आरामात टेकलेली मात्र कधी पाहिली नव्हती, आणि असं का, हा विचार त्याच्या मनात येऊन तसाच पुढे गेला.

“थांबा,” सर म्हणाले. “बस.”

जर्मननं बोट उचललं. सरांनी पेन्सिल खाली घेतली नाही. एक डोळा मिटून ते बघत राहिले. कानाची पाळी, हनुवटी, खांबाजवळचा चार बोटं उजेड. तिनंही मान हलवली नाही. तिच्या हे लक्षात आलं असावं की या घटकेला आपल्याकडे कुणी बघत नाहीये. बाहेर कुठली तरी गाडी धुतल्याचं पाणी नालीतून वाहत होतं.

मग जर्मननं जतन करायचं बटन दाबलं आणि दोनचं दाबलं.

बायको उतरल्यावर त्यानं सीट पार मागे नेली आणि सरांना खूण केली. सरांनी शेजारून हात लांब करून दुसरं बटन दाबायचा प्रयत्न केला. हात पोचेना, म्हणून ते उतरून फिरून आले, वाकले आणि दाबलं. घरघर झाली. रिकामी सीट सावकाश पुढे आली, वर झाली आणि शेवटी तिनं पाठ ताठ केली.

“अर्धं बोट इकडेतिकडे असेल,” सर म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. “महिन्याभरात मला हीच खरी वाटायला लागेल.”

सरांनी सह्या केल्या, त्याच्या बायकोला हात जोडले आणि म्हणाले, “तुम्ही टेकलात ना, तेव्हा जमलं.” बाहेर थांबलेला बदली ड्रायव्हर आत आला. त्यानं बसल्याबरोबर सीट मागे सरकवली आणि गाडी फाटकाबाहेर नेली. सर शेजारी बसून समोर बघत होते.

जर्मनची सुटी व्हायला तास होता. बायको गिऱ्हाइकांच्या खोलीत कागदी पेल्यातली कॉफी घेऊन बसून राहिली. मग दोघं मागच्या फाटकाशी लावलेल्या आपल्या गाडीकडे गेले. चौदा वर्षांची, दुसऱ्याच कंपनीची, छोटी गाडी. तिचं दार लागताना पत्र्याच्या डब्यासारखं वाजायचं आणि त्यावरून पोरांनी जर्मनची पुरेशी टिंगल करून झाली होती.

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली, खिडकीवरच्या दांडीला धरलं आणि पुढे वाकली.

पहिल्या सिग्नलला जर्मननं तिच्याकडे बाजूनं पाहिलं. सरांनी मघाशी हेच केलं होतं म्हणून असेल. तिची पाठ आणि सीट यांच्यामध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. दुसऱ्या सिग्नलला त्यानं सीटकडे पाहिलं. सीटची पाठ आरामखुर्चीसारखी मागे कललेली होती. टेकायचं म्हटलं तर माणसाला अर्धं झोपावंच लागलं असतं आणि मग समोर छताशिवाय काही दिसलं नसतं. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा सिग्नल सुटलेला होता.

सहा वर्षांपूर्वी आईला इस्पितळातून घरी आणताना तिला बसवत नव्हतं, म्हणून ही पाठ त्यानंच खाली केली होती. आई त्यानंतर बारा दिवस होती.

घराखाली त्यानं गाडी लावली, इंजिन बंद केलं, पण दार उघडलं नाही.

“ही पाठ अशी कधीपासून आहे?”

“आहे की,” ती म्हणाली.

“आई गेल्यापासून?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोनदा बोलले होते. तुम्ही गाडीचा काहीतरी आवाज ऐकत होतात.” तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “नंतर मला वाटलं, आईंची म्हणून ठेवलीत. मग मी हात नाही लावला.”

दुसऱ्यांच्या हजार बैठका पुसून कोऱ्या करणारा माणूस स्वतःच्या गाडीत बसून राहिला. उत्तर आयतं वाढलेलं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. ती त्याला आईवेडा म्हणाली असती आणि दोघं जिना चढून वर गेले असते.

“नाही,” तो म्हणाला. “विसरलो होतो.”

तिनं मान हलवली. बोटाला गुंडाळलेला बंद तिनं सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

पाठ वर घ्यायच्या दांडीसाठी जर्मननं सीटच्या अलीकडच्या बाजूला हात घातला, चाचपलं. तिथे काही नव्हतं.

“इकडे आहे ती दांडी,” ती म्हणाली. “दाराच्या बाजूला, खाली. जरा घट्ट आहे.”

तो तिच्यासमोरून वाकला. एक हात दांडीवर गेला आणि दुसऱ्यानं त्यानं मागून सीटची पाठ धरली. दांडी खरंच घट्ट होती. कर्रकन आवाज करून पाठ एक दात वर आली आणि थांबली.

“बस म्हण,” तो म्हणाला, “तिथे थांबतो.”

आणखी एक दात. आणखी एक. पाठ तिच्या पाठीला लागली, सरळ झाली, सरळच्याही थोडी पुढे आली. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. ती अजून बस म्हणाली नव्हती.